थर वाळेपर्यंत

३ फेब्रुवारी

माननीय इंजिनिअरसाहेबांस,

पाकिटावरचं अक्षर बघून पत्र कुणाचं ते कळलंच असेल. फाडू नकोस, कामाचं आहे. अकरा वर्षांत सख्ख्या भावाला मी एक ओळ लिहिली नाही, तेव्हा आज लिहितेय म्हणजे अडलंय म्हणूनच, हे ओळखायला पदवी लागत नाही.

काम असं आहे. गावात नवा दवाखाना बांधायचाय. आत्ताचा दवाखाना तू गेल्यावर झाला, त्यामुळे तू तो पाहिलेला नाहीस. सिमेंटच्या ठोकळ्यांच्या भिंती, वर सपाट स्लॅब आणि सगळ्या खिडक्या पश्चिमेला. उन्हाळ्यात तापाचा पेशंट आत गेला की ताप त्याला आहे की दवाखान्याला, तेच कळत नाही. नर्सबाई खुर्ची बाहेर झाडाखाली टाकून बसतात. गेल्या वर्षी नव्या डॉक्टरबाई आल्या. तरुण आहेत, आणि डॉक्टर असून समोरच्याचं ऐकून घेतात. मे महिन्यात माझे गुडघे बघायला घरी आल्या, मधल्या खोलीत बसल्या आणि उठेचनात. दुसऱ्या दिवशी तापमापक घेऊन आल्या. दुपारी तीनला दवाखान्यात किती आणि आपल्या घरात किती, असं आठ दिवस त्यांनी वहीत लिहिलं. नऊ अंशांचा फरक निघाला. म्हणाल्या, "मावशी, मला असाच दवाखाना बांधून द्या."

हो, तेच आपलं घर. पश्चिमेची भिंत मी पुन्हा घातली, मातीचीच. त्याविषयी आज काही लिहायचं नाही.

जागा मिळाली, मंजुरीही मिळत आली, आणि मग बांधकाम खात्याचे साहेब म्हणाले, "मातीचं म्हणजे कच्चं. कच्च्या बांधकामाला सही कोण देणार?" इथंच घोडं पेंड खातंय. मी म्हटलं, मी देते की, चाळीस वर्षं भिंती घालतेय. ते हसले. माणूस वाईट नाही, त्यांच्या फॉर्ममध्ये माझ्यासाठी रकाना नाही एवढंच. त्यांना इंजिनिअरचा नकाशा हवा आणि खाली शिक्का हवा. बाईंनी तिघांना विचारून पाहिलं. एकानं फोन ठेवून दिला. दुसरा म्हणाला, आत काँक्रीट घालू आणि बाहेरून मातीचा रंग देऊ, कुणाला कळतंय. तिसरा 'पाठवतो' म्हणाला, त्याला दोन महिने झाले.

मग बाईंनी मला विचारलं, तुमच्या ओळखीत कुणी इंजिनिअर नाही का? मी नाही म्हणून सांगितलं. त्यांनी आपल्या भिंतीवरचा फोटो बघितला, तू काळा झगा घातलेला आणि बाबा शेजारी हसतायत तो, आणि म्हणाल्या, "मग हे कोण?" आता ताकाला जाऊन भांडं काय लपवायचं. नकाशा आणि सही तुझी हवी आहे. जागेची मापं सोबत आहेत. मातीचा नमुना डब्यातून वेगळा पाठवतेय.

नाही म्हणालास तरी चालेल. म्हणजे चालणार नाही, पण मी समजून घेईन.

आपली,
मातीकाम मिस्त्री

ता. क. गुडघे बरे आहेत. तू विचारणार नाहीस, तरी सांगितलं.


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

नकाशा मिळाला. चार मोठे कागद आणि त्यात चिठ्ठी म्हणून एक नाही. पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा. बरं, मी तरी तुझी खुशाली कुठं विचारली होती.

कागदांवर सही-शिक्काही नाही; साहेब म्हणाले, काम सुरू करा, सही छपराआधी आली तरी चालेल. आधी चुका सांगते. पूर्वेची खिडकी कोपऱ्याला चिकटवून घेतलीयस. मातीच्या भिंतीचा कोपरा तसा कुरतडून चालत नाही, सगळा भार तिथं येतो. दोन हात तरी आत सरकव. दुसरं, भिंतीची जाडी वरपासून खालपर्यंत सारखी काढलीस. ती खाली दीड हात आणि वर एक हात अशी निमुळती होत जायला हवी. शहरात बसून उंटावरून शेळ्या हाकल्या की असं होतं.

बाकी खोटं कशाला बोलू, नकाशा चांगला आहे. दगडी जोतं गुडघ्याच्या वर घेतलंयस. दारा-खिडक्यांच्या डोक्यावरून चारी भिंतींवर फिरणारी लाकडी पट्टी दाखवलीयस, कोपऱ्यात एकमेकींत अडकवलेली, म्हणजे जमीन हादरली तरी भिंती चार दिशांना फाकायच्या नाहीत. हे बाबा करत नव्हते. हे तुझ्या पुस्तकांतलं आहे आणि मला ते पटलं. तारीख टाकून ठेव, असं मी वारंवार म्हणत नाही. छपराची वळचण दोन हात बाहेर काढलीस, तेही बरोबर. पाऊस भिंतीला शिवता कामा नये.

दुसऱ्या कागदाच्या कडेला पेन्सिलनं विचारलंयस, 'थराची उंची? वाळायला किती दिवस?' हे तुला ठाऊक नाही? मिस्त्रीच्या पोटी जन्मलास आणि आमच्या थरांवर बसून अभ्यास केलास. विसरलास की माझ्या तोंडून ऐकायचं होतं? घे तर. माती तुडवायची, भूस घालायचं, पुन्हा तुडवायची, दोन दिवस मुरवायची. मग हातानं गोळे थापत भिंतभर एक हात उंचीचा थर घालायचा आणि थांबायचं. ऊन बघून सात-आठ दिवस. अंगठा दाबला आणि ठसा उमटला नाही की पुढचा थर. घाई केली तर खालचा थर वरच्याच्या भारानं फुगतो. साहेबांना हे सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे महिन्यातले वीस दिवस तुम्ही नुसत्या बसून राहणार?" मी म्हटलं, हो, आणि ते सगळ्यात अवघड काम आहे.

चौथ्या कागदावर गिलाव्याच्या जागी तू लाल शाईनं लिहिलंयस, 'आतून माती, बाहेरून चुना. सिमेंट कुठेही नाही.' आणि खाली दोन रेघा मारल्यायस. इतक्या जोरात, की त्या कागदाच्या मागूनही उमटल्यायत.

तो कागद मी दुपारभर तसाच मांडीवर घेऊन बसले होते. आता काम सुरू करते.

ताई


१६ मार्च

धाकट्या,

दोन ओळी लिहिल्यास, त्याही मातीबद्दल, पण लिहिल्यास. 'नमुना चिकट आहे. बाटलीत पाच बोटं गाळ बसला, वाळू फक्त दोन. भूस आणि वाळू वाढव, थरावर सावली कर.' म्हणजे मातीची बाटली तू स्वतः पाण्यात हलवलीस. कुठं बसून हलवलीस? ऑफिसात? लोकांनी बघितलं असेल, एवढा मोठा साहेब बाटली धरून गाळ खाली बसायची वाट बघतोय. मला फार हसू आलं.

पत्र मात्र उशिरा पोचलं. पहिला थर मी माझ्याच हेक्यानं घातला होता, आपली माती मला पाठ आहे म्हणून. दवाखान्याची जागा ओढ्यापलीकडची, तिथली माती वेगळी, हे मी धरलंच नाही. चौथ्या दिवशी बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. सगळा थर उतरवला आणि पुन्हा तुडवला. बोलकीनं तोंडाचा पट्टा सोडला. बोलकी म्हणजे माझ्या हाताखालची, वीस वर्षं माझ्याबरोबर काम करते आणि त्यातली एकोणीस बोलते. म्हणाली, "मिस्त्रीणबाई, भाऊ तिकडं बसून ओळखतो आणि तुम्हाला हातात घेऊन कळलं नाही!" मी तिला झापलं, पण म्हणाली ते खरंच होतं.

आता तुझ्या प्रमाणानं चाललंय. डॉक्टरबाई सकाळी तपासण्या सुरू व्हायच्या आधी चप्पल काढून माती तुडवायला येतात. साहेब परवा पाहणीला आले, बूट सांभाळत काठावर उभे राहिले. मी त्यांच्या हातात एक गोळा दिला, म्हटलं थापून बघा. थापला. मग आणखी एक मागितला. जाताना म्हणाले की लहानपणी त्यांचंही घर असंच होतं, आणि ते पाडून पक्कं बांधायची सही त्यांनी स्वतःच केली. अजून त्यांची आई त्या पक्क्या घरात दुपारी झोपत नाही, अंगणात झोपते.

थर वाळेपर्यंत हाताला काम नसतं, मग डोकं नको तिथं जातं. आई गेली तेव्हा तू तीन वर्षांचा होतास आणि मी दहाची. बाबा भिंतीवर असायचे, मी खालून गोळे द्यायचे, आणि तुला मळलेल्या मातीच्या ढिगाशेजारी बसवलेलं असायचं. तू मूठ मूठ माती खायचास. सगळे तुला ढेकळ्या म्हणायचे. शाळेत नाव घातलं तेव्हा मास्तरांनी नाव विचारलं आणि तू तेच सांगितलंस.

आणि तू सिमेंट घेऊन आलास तो दिवसही आठवतो. बाबा पंचाहत्तरीला टेकले होते, तरी दर वर्षी पावसाच्या आधी शिडीवर चढून भिंती लिंपायचे. तू म्हणालास, "बाबा, आता शिडी नको. एकदा सिमेंटचा गिलावा केला की वीस वर्षं बघायला नको." आठ दिवस स्वतः उभा राहून करून घेतलंस. आतून, बाहेरून, आणि अंगणातही काँक्रीट घातलंस. घर नव्या भांड्यासारखं दिसायला लागलं. बाबा सगळ्यांना हात धरून दाखवायचे. तू ते मायेनं केलंस. हे मी तुला कधी म्हटलं नाही, आज म्हणते.

आणखीही एक सांगायचं होतं. राहू दे.

ताई


२ एप्रिल

ढेकळ्या,

तिसरा थर परवा घातला. सात दिवस हात रिकामे. राहू दे म्हटलेलं राहत नाहीये, तेव्हा लिहूनच टाकते. मध्ये थांबले तर पुन्हा धीर व्हायचा नाही.

तुझा गिलावा झाल्यावर दोन वर्षं बाबा खूष होते आणि मी नव्हते. का, ते कुणाला सांगितलं नाही. दर वर्षीचं लिंपण हे माझं आणि बाबांचं काम होतं. ते शिडीवर, मी खाली. ते पंधरा दिवस ते माझ्याशी जेवढं बोलायचे तेवढं वर्षभरात बोलत नसत. तू ते काम एका झटक्यात संपवलंस आणि वर सगळे तुझंच कौतुक करत होते. मला तुझा हेवा वाटला. मीच तुला वाढवलं आणि मलाच तुझा हेवा वाटला.

मातीची भिंत जमिनीतून ओल ओढते आणि उन्हात बाहेर टाकते, हे मला ठाऊक होतं. सिमेंट ती ओल आत कोंडून धरणार, हेही कळत होतं. तेव्हा बोलले नाही असं नाही, एकदा बोलले. तू म्हणालास, "ताई, ह्याला आता शास्त्र आहे." मी गप्प बसले आणि मनात म्हटलं, बघूच तुझं शास्त्र.

भिंत पडली त्याच्या वीस दिवस आधीची गोष्ट. सकाळी मी अंगण झाडत होते. बाबांच्या खोलीची पश्चिमेची भिंत, बाहेरून, जमिनीलगत, मला एक भेग दिसली, केसाएवढी. मी बोटानं वाजवून बघितलं. वरती टणटणीत आवाज आणि खाली भद्द. मी चार बोटं लांबीचा खिळा आणला आणि त्या भेगेतून ढकलला. हातोडी लागली नाही. अंगठ्यानं गेला, अख्खा. ओढून काढला तर त्याला मातीचा ओला गारा लागलेला. वरून ते सिमेंट चकचकीत होतं आणि आतून भिंतीचा पाया चिखल झाला होता.

मला कळलं, धाकट्या. लहानपणापासून हेच करत आलेय, मला कळणार नाही? त्याच दिवशी बाबांचा बिछाना उचलून मधल्या खोलीत टाकायला हवा होता. तुला फोन करायला हवा होता. मी खिळा पुसला आणि खिशात टाकला. मला वाटलं, मे महिन्यात तू येशील, तेव्हा सगळ्यांसमोर हाच खिळा तुझ्यासमोर भिंतीत घालीन आणि तुझं तोंड बघीन. भिंत एवढ्यात पडायची नाही, एक पावसाळा तरी काढेल, असा माझा अंदाज होता. चुकला. अवकाळी पाऊस तीन दिवस लागून राहिला आणि चौथ्या दिवशी दुपारी भिंत आत आली. बाबा झोपले होते.

आणि हॉस्पिटलात, नर्सा आणि शेजारीपाजारी उभे असताना, मी तुला काय म्हटलं? "तुझ्या सिमेंटनं बाबांना अधू केलं. पुन्हा ह्या घरात पाय ठेवू नकोस." खिळा तेव्हाही माझ्या खिशात होता. तू एक शब्द बोलला नाहीस. मान खाली घालून उभा राहिलास आणि मला आणखी जोर चढला.

बाबा पाच वर्षं काठी घेऊन चालले. भिंतीवर पुन्हा चढले नाहीत. तू त्यांना फोन करायचास तेव्हा मी मुद्दाम बाहेर जायचे. ते गेले त्या दिवशी तू आलास, तीन तास दाराशी दात आवळून उभा होतास, आणि माझ्याशी न बोलता निघून गेलास. मला वाटलं, बरोबर आहे, माझं तोंड कशाला बघेल. पण ते तुझ्या रागामुळं वाटलं नाही. माझं मलाच माहीत होतं म्हणून वाटलं.

हे सगळं लिहून सही मिळणार नसेल तर न मिळो. बाईंना मी दुसरा इंजिनिअर शोधून देईन. माफी माग असं मन म्हणतं आणि हात म्हणतो, अकरा वर्षांनी कुठल्या तोंडानं मागतेस. तरी मागते. मला माफ कर. मी तुझ्यावर जे घातलं ते माझं होतं.

तुझी ताई


२९ एप्रिल

ढेकळ्या,

खात्यात तुझी सही आणि शिक्का पोचला. साहेब स्वतः सांगत आले. मी विचारलं, बरोबर पत्र आहे का? म्हणाले, नाही, कागदपत्रंच आहेत. म्हणजे माझं पत्र तुला मिळालं आणि तू वाचलंस, आणि सही केलीस, आणि लिहिलं काही नाहीस.

पाचवा थर झाला. तुझी लाकडी पट्टी चढवली. सुताराला ते कोपऱ्यातले सांधे दोनदा करावे लागले, तुझ्या नावानं बोटं मोडत होता. खिडक्यांच्या कडा मी गोल केल्या आहेत, नकाशात नाहीत, पण पेशंटच्या खांद्याला टोचत नाहीत आणि उजेड आत जास्त येतो. रागावलास तर त्याबद्दल रागाव.

पोस्टमन आता मला लांबूनच हात हलवून नाही म्हणतो. बोलकी म्हणते, "मिस्त्रीणबाई, थर लवकर वाळावा म्हणून फुंकर घातल्यानं वाळतो का?" तिला काही ठाऊक नाही, तरी ती बरोबर तेच बोलते. मी वाट बघते. पण माती किती दिवस घेते ते मला माहीत असतं, तू किती दिवस घेशील ते माहीत नाही.

शिव्या घालायच्या असतील तर घाल, पण लिहून घाल. कोऱ्या पाकिटापेक्षा मला त्या चालतील.

ताई


१२ मे

ढेकळ्या,

अक्षर वाकडं आलंय, कागद मांडीवर आहे आणि टेकायला काही नाही. समजून घे.

तुझं पत्र बुधवारी मिळालं. मी भिंतीवर होते. बोलकीनं खालून पाकीट दाखवलं तर मी शिडी न लावता उतरले, ह्या गुडघ्यांनी. किती वेळा वाचलं ते मोजलं नाही. तुझं तुलाच परत लिहून दाखवते, कारण मी बरोबर वाचलं की नाही ह्याची मला अजून खात्री नाही.

तू लिहितोस, 'ताई, मला माहीत होतं. तू हॉस्पिटलात ओरडलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी, तू घरी कपडे आणायला गेली होतीस तेव्हा बाबांनी सांगितलं. म्हणाले, "तिनं भिंतीत खिळा घालून बघितला होता, मी खिडकीतून बघितलं. मला वाटलं ती तुला सांगेल, म्हणून मी थांबलो. मी सांगितलं असतं तर तुझा हिरमोड झाला असता, एवढ्या हौसेनं केलं होतंस. ती सांगेना आणि मलाही सांगवेना. आता ती तुझ्यावर आग पाखडेल, पाखडू दे. पण आपल्याला ठाऊक आहे हे तिला कधी कळू देऊ नकोस, ती स्वतःला जगू द्यायची नाही." मी बाबांना शब्द दिला. पण मी तुझाच भाऊ, माझ्याही तोंडाला कुलूप नाही. घरी येत राहिलो असतो तर कुठल्या तरी भांडणात ते तोंडून निसटलं असतं. म्हणून आलो नाही. बाबा गेले त्या दिवशी तीन तास दात आवळून उभा होतो ते ह्यासाठीच. तुझं पत्र आल्यावर महिनाभर मी बाबांशी भांडतोय, शब्द मोडू की नको. मग वाटलं, तूच सांगितलंस, आता मी कुणापासून लपवतोय. आणि भिंत तुझ्या गप्प बसण्यानं पडली नाही, ताई. ती माझ्या सिमेंटनं पडली.'

म्हणजे अकरा वर्षं मी समजत होते, मी तुला घालवलं म्हणून तू गेलास. तू मला वाचवायला गेला होतास. हातात उत्तर असताना सगळ्यांसमोर शिव्या खाल्ल्यास, आणि मी घरी येऊन शेजारणींना सांगत होते, बघा, एक शब्द बोलला नाही, चोराच्या मनात चांदणं.

बुधवारी रडले नाही. गुरुवारी गारा मळताना रडले, बोलकी गप्प बसली. ती गप्प बसली म्हणजे काय ते समज.

मग एक आठवलं, जे आजवर माझ्या ध्यानात आलं नव्हतं. भिंत पडली तेव्हा बाबांचा पलंग भिंतीपासून हातभर पुढं होता. एरवी तो भिंतीला टेकलेला असायचा. पलंग तसाच राहिला असता तर भिंत डोक्यावर आली असती, कमरेवर नाही. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसानं तो शिसवी पलंग एकट्यानं ओढला, आणि ओढला तोही हातभरच. खोली सोडली असती तर तुला कळलं असतं, हललेच नसते तर मेले असते. मला ओळखायचे, तुलाही ओळखायचे, आणि दोघांनाही दुखवायचं नाही म्हणून त्या ओल्या भिंतीशेजारी वीस दिवस झोपले. ह्या माणसाचा मी राग राग करू की काय करू, मला कळत नाही. तुला कळलं तर सांग. तुझी चूक, माझी चूक आणि त्यांचीही. तिघंही एकमेकांची मर्जी राखत बसलो आणि भिंतीकडं कुणी बघितलं नाही.

आता इथवर आलंच आहे तर पुढचं लिहिते. सहावा थर शनिवारी पुरा झाला. आभाळ भरून येतंय, उन्हाचा जोर नाही, ह्या वेळी दहा दिवस तरी भिंतीला कुणी हात लावायचा नाही. वर ताडपत्री बांधलीय, बोलकीला राखण दिलीय. डॉक्टरबाई म्हणाल्या, "मावशी, दहा दिवस काय करणार?" मी म्हटलं, जरा गावाला जाऊन येते. चाळीस वर्षांत थर ओला ठेवून मी गाव सोडलं नव्हतं. साहेबांनी त्यांच्या गाडीतून स्टँडपर्यंत पोचवलं आणि पिशवीही उचलली.

तुझी इमारत शोधायला दोन तास लागले. सगळ्या एकसारख्या, आणि सगळ्यांच्या भिंती दुपारच्या उन्हात हात लावू देत नाहीत. चौकीदाराला म्हटलं, इंजिनिअरांची बहीण आहे. तो म्हणाला, त्यांना बहीण आहे? मी म्हटलं, आहे.

चौथ्या मजल्यावर, तुझ्या दारासमोरच्या पायरीवर बसून हे लिहितेय. आतून तुझा आवाज ऐकू येतोय, फोनवर कुणाला तरी सळयांवरून रागावतोयस. बेलवर दोनदा बोट ठेवलं आणि काढलं. समोर आलास तर ह्यातलं काहीच माझ्याच्यानं बोलवणार नाही, भलतंच काही तरी बोलेन, तुझ्या भिंतीतल्या चुका काढेन. म्हणून आधी हे दाराखालून सरकवते.

पूर्ण वाच. घाई नाही, मला थांबायची सवय आहे. वाचून दार उघडावंसं वाटलं नाही, तरी उघड. तुझ्या ताईचे गुडघे आखडलेत, तिला पायरीवरून उठायला हात द्यायला कुणी तरी लागेल.